मूळ कारणाचा रकाना

चूक माझीच होती, हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढे वाचता वाचता कुणी ती शोधून काढली आणि मला दाखवायला आलं, असं व्हायला नको.

एका रविवारी सकाळी मी मुलीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर एक मेसेज पुढे ढकलला. मोबाइलवरच्या मारधाडीच्या गेममुळे मुलं कशी खुनशी होतात, आईवडिलांवर हात कसा उचलतात, असा तो भलामोठा मेसेज होता. मला तो आमच्या लातूरकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला होता, त्यांना कुठून आला ते त्यांनाही ठाऊक नसणार. खाली लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. का कोण जाणे, त्यामुळेच तो मला फार विश्वासाचा वाटला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मनात आलं, नुसता पुढे ढकललेला मेसेज कोण वाचतो? मी तरी वाचत नाही. म्हणून सगळ्यात वर दोन ओळी माझ्या पदरच्या घातल्या. ‘स्वानुभव सांगतो. माझी स्वतःची मुलगी या गेममुळे अत्यंत आक्रमक झाली आहे. पालकांनो, वेळीच जागे व्हा.’

आता तो स्वानुभव काय होता, तेही सांगतो. मुलगी आठवीत. त्या सकाळी पोहे झाले होते आणि मी तिला फ्रिजमधली कोथिंबीर आणून दे म्हटलं होतं. ती मोबाइलमधून डोळे न काढता म्हणाली, “थांब ना बाबा, झोन छोटा होतोय.” झोन म्हणजे गेममधली आकसत जाणारी खेळायची जागा, हे मला नंतर कळलं. बस. एवढाच तो आक्रमकपणा. कोथिंबीर मी उठून आणली, पोहे गार झाले, आणि त्या गार पोह्यांचा राग मी सगळ्या पालकवर्गाच्या भल्यासाठी वापरला.

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. एका आईने रडणारा चेहरा टाकला. एका वडिलांनी ‘धाडसी कबुली’ असं लिहिलं. मला आयुष्यात धाडसी म्हणणारे ते पहिलेच गृहस्थ, त्यामुळे दुपारभर मी तो शब्द अधूनमधून उघडून पाहत होतो. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. ती लवळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर विद्यार्थ्यांना ‘हळू बोला’ सांगून ती इतकी दमते, की सगळे ग्रुप तिने केव्हाच मुके करून ठेवलेत.

मंगळवारी दुपारी शाळेतून फोन आला. तुमच्या मुलीने सकाळी बसमध्ये एका मुलाला मारलंय, पाण्याच्या स्टीलच्या बाटलीने, कपाळावर टेंगूळ आलंय, ताबडतोब या.

तेव्हा मी ऑफिसात एका फॉर्मशी झगडत होतो. आमचं काम असं, की परदेशातल्या कुणाची तरी यंत्रणा बंद पडली की ती आम्ही इथे पुण्याजवळच्या माणमध्ये बसून चालू करायची. चालू झाली की काम संपत नाही. मग एक फॉर्म भरायचा, आणि त्यात एक रकाना असतो ‘मूळ कारण’ म्हणून. चौदा वर्षं मी तो रकाना भरतोय. त्याची खरी विद्या एवढीच, की तिथे माणसाचं नाव येऊ द्यायचं नाही. ज्याला तोंड नाही असं काहीतरी लिहायचं. नेटवर्क लिहायचं, सर्व्हर लिहायचा, मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्याने लिहिलेला प्रोग्राम लिहायचा. बिचारा सर्व्हर काही उठून ‘मी नव्हतो’ म्हणत नाही. समोरचे खूश, आपण घरी. ही विद्या माझ्या इतकी अंगात भिनली आहे, की घरी दूध उतू गेलं तरी मी आधी गॅसच्या शेगडीकडे बघतो.

फोन ठेवला आणि शाळेत पोचेपर्यंत माझा रकाना भरून झाला होता. गेम. दुसरं काय असणार?

मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर एक कागद होता. बाई अत्यंत नीटनेटक्या. त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. माझाच मेसेज, छापून काढलेला. पहिल्या दोन ओळींवर पिवळा मार्कर फिरवलेला.

“तुम्ही रविवारीच आम्हाला सावध केलं होतं,” बाई म्हणाल्या, “आम्हीच गांभीर्याने घेतलं नाही.”

शेजारच्या खुर्चीत बायको होती. ती लवळ्याहून रिक्षा करून माझ्या आधी पोचली होती. तिने तो कागद घेतला, वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली आहेत. ती बघते तेव्हा मला धोका नसतो.

कोपऱ्यात मुलगी उभी होती, खाली मान घालून, पण रडत नव्हती. ज्याला लागलं होतं तो सातवीतला मुलगा भिंतीशी, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आणि त्यावर बर्फाची पिशवी. त्याच्याजवळ त्याचे वडील, माणचेच, मूळचे जमीनवाले. आता जमिनीवर खोल्या बांधून त्या भाड्याने दिलेल्या. आणि दाराशी बसमधल्या मावशी, ज्या मुलांना चढवतात-उतरवतात. त्यांनाच सगळं डोळ्यांदेखत दिसलं होतं.

मावशींनी सांगितलं ते असं. चौकात बस अडकली होती, रोजच्यासारखी. माझ्या मुलीची खिडकीशेजारची ठरलेली जागा. त्या मुलाने तिथे आपलं दप्तर ठेवलं आणि काढेना. हिने दोनदा सांगितलं, त्याने जीभ काढून दाखवली. मग ही उठली.

“आन मंग ही काय बोलली ठावं हाय का?” मावशी म्हणाल्या. “म्हनली, खाली उतर, मग दाखवते. वळखत न्हाईस मला. आन हानली की बाटली. मी तर बघतच राह्यले. येवढी गुनाची पोर.”

‘खाली उतर, मग दाखवते. ओळखत नाहीस मला.’ बाईंनी ते वाक्य सावकाश पुन्हा उच्चारलं आणि वहीत लिहून घेतलं. मीसुद्धा मान हलवली. म्हटलं, हीच ती गेमची भाषा. आमच्या घरात असं कोण बोलतं?

बायकोने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तिचा राग उतरला.

आता खरी अडचण ऐका. शनिवारी पौडला तालुक्याचे कबड्डीचे सामने होते. आमची मुलगी शाळेच्या मुलींच्या संघात डाव्या कोपऱ्याला खेळते. गेलं वर्षभर तिचे गुडघे सोललेले आहेत आणि बोटांना पट्ट्या आहेत, त्या या एका शनिवारसाठी. बाईंनी सांगितलं, की मारामारी करणाऱ्या मुलीला संघात पाठवणं त्यांना अवघड आहे. पण मार्ग आहे. पालकांनी लेखी द्यायचं, की हा प्रकार मोबाइल गेमच्या दुष्परिणामामुळे घडला, गेम काढून टाकला आहे, मुलीला समज दिली आहे. खाली मुलीची आणि पालकांची सही. मग कारण सापडलं, उपाय झाला, प्रकरण मिटलं. बाईंचाही असाच काहीतरी फॉर्म असणार आणि त्यातही तो रकाना असणार, हे मी ओळखलं. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

बाहेर पडताना त्या मुलाचे वडील माझ्याबरोबर चालत आले. मी त्यांची माफी मागायला लागलो, तर ते म्हणाले, “जाऊ द्या ओ. आमचं बी बेणं कमी न्हाई.” मग जरा घुटमळले आणि माझ्या मुलीला विचारलं, “कोनच्या लेव्हलला हायेस गं?”

तिने सांगितली. त्यांनी भुवया वर केल्या.

“लई पुढं हायेस की. मी चार म्हैनं तितंच अडकलोय.” आणि माझ्याकडे वळून, “मी बी खेळतो. शेतात काम व्हतं तवा टाइम नसायचा. आता खोल्यांना भाडेकरू हायेत, मला काय काम हाय दिवसभर?”

हा माणूस दिवसभर बंदुका चालवतो आणि पोराचं कपाळ फुटलं तरी ‘जाऊ द्या’ म्हणतो. मला हे तिथल्या तिथे दिसायला हवं होतं. पण एकदा रकाना भरला की मला दुसरं काही दिसत नाही, ही माझी कामावरचीही ख्याती आहे.

घरी आल्यावर मी पत्र लिहायला बसलो. सुरेख उतरलं. पुराव्यादाखल ते ‘खाली उतर’वालं वाक्यही अवतरणात घातलं, ‘अशी भाषा या गेममधून मुलांच्या तोंडी बसते’ म्हणून. मग मुलीसमोर कागद आणि पेन ठेवलं.

तिने वाचलं आणि पेन परत माझ्याकडे सरकवलं. “हे खोटं आहे.”

मी म्हटलं, अगं, खोटं-खरं नंतर बघू, शनिवारी खेळायचंय ना?

“खेळायचंय. पण मी गेममुळे नाही मारलं. मला राग आला म्हणून मारलं. माझं चुकलं. मी त्याला सॉरी म्हणीन, सगळ्या बससमोर म्हणीन. हे नाही लिहिणार.”

मी तिला समजावलं. मग चिडलो. मग परत समजावलं. सही कर आणि मोकळी हो, जगात सगळे असंच करतात, तुझा बाप महिन्याला दोनदा करतो. ती ढिम्म. आठवीतल्या मुलीला तत्त्वं असू नयेत असा कायदा का नाही, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. नेहमीपेक्षा जोरात थापत होती, एवढंच माझ्या कानावर येत होतं.

“गेममध्ये असं कुणी बोलतच नाही,” मुलगी म्हणाली. “खेळून बघ.”

आव्हान दिल्यावर मी मागे हटत नाही, निदान सुरुवातीला. तिने माझ्या मोबाइलमध्ये गेम घालून दिला, कानाला हेडफोन लावले आणि मला विमानातून खाली ढकललं. छत्री उघडली, मी एका टेकडीवर उतरलो. खाली तळं, काठाला रंगीत इमारती, सगळ्यांची दारं उघडी आणि आत चिटपाखरू नाही. मला हायसं वाटलं. लवासाला सहलीला गेलो होतो तेव्हा असंच होतं. एका घरात शिरलो आणि बाथरूमच्या दारामागे उभा राहिलो. बाहेर गोळ्यांचे आवाज यायला लागले. मी हललो नाही.

“बाबा, तू तिथे भाड्याने राहणार आहेस का?” मुलीने विचारलं.

मी बोटानेच तिला गप्प केलं. मी पुरावा गोळा करत होतो. तिच्या संघात तिची लातूरची दोन चुलत भावंडं आणि कुठलासा कोल्हापूरचा मुलगा होता. मी कान देऊन ऐकलं. ‘मागून ये.’ ‘माझ्याकडे पट्टी आहे, देऊ का?’ ‘काका कुठे अडकले?’ ‘थांबा, काकांना न्यायला जाऊ.’ आणि खरोखर, ती पोरं गोळीबारातून धावत मला बाथरूममधून न्यायला आली. त्यातलं एक माझ्यापायी मेलं. दुसऱ्याने स्वतःच्या औषधाची पेटी मला दिली. माझ्या ऑफिसात चौदा वर्षांत मला कुणी साधा चार्जर दिला नाही.

तीन डाव खेळलो. ‘खाली उतर, मग दाखवतो’ असं एकदाही ऐकू आलं नाही. ‘ओळखत नाहीस मला’ हेही नाही. आणि तिथे असं कोण कशाला म्हणेल, सगळ्यांनी तोंडावर मुखवटे घातलेले असताना. माझा वैताग वाढला. पुरावा मिळत नाही म्हणजे काय? मग हे वाक्य पोरीने आणलं कुठून?

बुधवारी सकाळी मी तिला गाडीने शाळेत सोडायला निघालो. प्रकरण मिटेपर्यंत तिला बस बंद होती. पत्र माझ्या खिशात, तिच्या सहीविना. ठरवलं होतं, गेटवर शेवटचं सांगून बघू.

माणच्या चौकाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी तो बघितलाय त्यांना सकाळी सकाळी त्याची आठवण करून द्यायचं पाप नको, आणि ज्यांनी बघितला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. वीस मिनिटं आम्ही एका मेंढ्यांच्या कळपाशेजारी उभे होतो आणि कळप आमच्या पुढे निघून गेला. मेंढ्यांनी लेन पाळली होती, हे नमूद करतो. तेवढ्यात डावीकडून एक टेम्पो घुसला. माझा आरसा त्याने दुमडला, म्हणजे फोडला नाही, नुसता दुमडला. मी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि म्हणालो,

“खाली उतर, मग दाखवतो. ओळखत नाहीस मला.”

टेम्पोवाल्याने माझ्याकडे बघितलं. तो खरंच मला ओळखत नव्हता. या तालुक्यात मला ओळखणारा एकच माणूस आहे, दूधवाला, आणि तोही फ्लॅटच्या नंबराने. टेम्पो पुढे गेला. मी काच वर केली.

मी आतल्या आरशात बघितलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती, फार लक्ष देऊन, जणू तिथे काहीतरी आहे. तिचे ओठ दाबलेले होते. हसू दाबत होती की दुसरं काही, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

“मी हे रोज म्हणायचो?” मी विचारलं.

“रोज नाही,” ती म्हणाली. “शनिवार-रविवार नाही.”

मी मनातल्या मनात हिशोब मांडला. ती बालवाडीत होती तेव्हापासून, बस लागेपर्यंत, मी तिला याच चौकातून सोडत आलो. मागच्या सीटवर पट्ट्यात बांधून. गेम तिच्या हातात गेल्या वर्षी आला. आणि मी ‘ही भाषा कुठून आली’ म्हणून काल बाथरूमच्या दारामागे तासभर उभा होतो.

काल बायकोने माझ्याकडे बघितलं होतं ते का, ते मला चौकातच कळलं. तिला पहिल्या क्षणी कळलं होतं. मावशींनी वाक्य म्हटलं आणि त्या खोलीत माझ्याखेरीज घरातल्या सगळ्यांना ते कुणाचं आहे ते माहीत होतं.

खिशातलं पत्र देऊन टाकायचा मोह तरीही झाला. खोटं बोलत नाही. गेटवर मुलीला पुन्हा विचारलंच, की तू सही केली नाहीस तरी चालेल, मी एकटा करतो. ती म्हणाली, “मग मी आत जाऊन सांगेन की खोटं आहे.” आणि मग जरा हळू, “बाबा, शनिवार गेला तरी चालेल.” तो शनिवार तिला किती हवा होता ते मला माहीत होतं. ते म्हणताना तिच्या हनुवटीचं जे झालं ते बघून मी पत्राचे चार तुकडे केले. पाच झाले असतील.

बाईंच्या खोलीत उभं राहून मी सांगितलं, की त्या दोन पिवळ्या ओळी मी रचलेल्या आहेत, मुलगी कोथिंबिरीसाठी उठली नव्हती एवढंच घडलं होतं. आणि ते वहीतलं वाक्य माझं आहे. चौकातलं. मुलगी लहानपणापासून ऐकते आहे. ती माफी मागणार आहे, ते गेममुळे नव्हे, तिचं चुकलं म्हणून. हे बोलायला मला दोन मिनिटं लागली असतील. ऑफिसात एवढ्या वेळात अख्खी यंत्रणा चालू होते.

बाई माझ्या कबुलीने अजिबात भारावल्या नाहीत. त्यांनी वही उघडली, एक ओळ खोडली आणि विचारलं, “मग कारणाच्या जागी तुमचं नाव लिहू?”

चौदा वर्षांत त्या रकान्यात माणसाचं नाव पडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, लिहा.

त्यांनी खरंच लिहिलं. वर म्हणाल्या, की बसमध्ये आळीपाळीने एका पालकाने बसायचं असा शाळेचा नियम आहे, आजवर कुणी आलं नाही. तर उद्यापासून आठवडाभर तुम्ही या. मुलीने त्या मुलाची माफी मागायची. दोन्हीची सुरुवात उद्याच झाली तर शनिवारचं बघू.

गुरुवारी सकाळी सहा पन्नासला मी गळ्यात ‘पालक स्वयंसेवक’ अशी पाटी घालून शाळेच्या बसमध्ये चढलो. मुलीने चालत्या बसमध्ये, सगळ्यांसमोर, त्या टेंगळाच्या मुलाला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “तुझी बाटली केवढ्याची आहे? डेंट पण नाही आला.” मग दोघंही मागच्या बाकावर गेले आणि त्याच्या वडिलांना पुढच्या लेव्हलला कसं न्यायचं यावर बोलत बसले. खिडकीची जागा रिकामीच राहिली. मी तिथे बसलो.

चौकात एक रिक्षा आडवी आली. मी उठून उभा राहिलो, हात आपोआप काचेकडे गेला.

“साहेब,” मावशी म्हणाल्या, “खाली बसा. पोरं बघत्यात.”

मी खाली बसलो. ड्रायव्हरने रिक्षाला जाऊ दिलं, तंबाखू मळली, आणि आम्ही सगळ्या जगापेक्षा पाच मिनिटं उशिरा पोचलो. शाळा तिथेच होती.

त्याच दुपारी पालक-ग्रुपवर मी दुरुस्तीही टाकली. ‘रविवारच्या मेसेजमधला स्वानुभव खरा नव्हता, क्षमस्व.’ त्याला एकही अंगठा आला नाही. एकाने खाली गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात म्हटलं, दुपारी अडीचला. आणि तासाभराने लातूरहून माझ्या थोरल्या बहिणीने मला एक मेसेज पाठवला. तोच. माझ्या दोन ओळींसकट, वर ‘पुण्याच्या एका पालकाचा स्वानुभव, जरूर वाचा’ असं लिहून. खाली तिने विचारलं होतं, तुमची पोरगी बरी आहे ना?

गेम निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. तासन्‌तास त्यात डोकं घालून बसलं की डोळे जातात, अभ्यास जातो, पोहे गार होतात. आमच्याकडे आता अर्ध्या तासाची मर्यादा आहे आणि त्यावरून रोज भांडण आहे. जगातल्या इतर मुलांचं त्यापायी काय होतं, ते जाणत्यांनी ठरवावं. मला एकाच घरातलं माहीत आहे, आणि तेही उशिरा कळलं.

शनिवारी पौडला मुलगी खेळली. समोरच्या संघातल्या, धरणाकडच्या गावच्या एका मुलीने तिला पहिल्याच चढाईत असं आदळलं की माझ्या तोंडून आवाज निघाला. गुडघा फुटला. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं आणि मुख्याध्यापिका बाई सगळ्यात पुढे. मला विचारावंसं वाटलं, की बाई, हे कोणत्या रकान्यात? पण गळ्यातल्या पाटीची आठवण झाली. पुढच्या चढाईला आमच्या पोरीने त्याच मुलीचा पाय धरला आणि सोडला नाही. पकड झाली. मग दोघी उठल्या, एकमेकींच्या पाठीवरची माती झटकली आणि आपापल्या जागी गेल्या. सामना आम्ही चार गुणांनी हरलो.

परत येताना घोटावडे फाट्यावर गर्दी होती, सुट्टीची, धरण बघून परतणाऱ्यांची. मुलगी मागे गुडघ्याला पट्टी बांधून अर्धवट झोपली होती. एक मोठी गाडी उलट्या बाजूने आली आणि आमच्यापुढे नाक घालून थांबली. आतून चौघे जण हसत होते. सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, शब्द न शब्द. मी काच खाली केली नाही. मान बाहेर काढली नाही. समोर बघत ओठ घट्ट मिटून बसलो, त्यांना जाऊ दिलं, आणि ते गेल्यावर बायकोकडे वळलो. म्हटलं, बघितलंस? एक अक्षर बोललो नाही.

“बघितलं,” ती म्हणाली. “आता हॉर्नवरचा हात काढा. पोर जागी झाली.”